रॉक बँडचा ग्रॅमी: एका बंद झालेल्या पुरस्काराची 32 वर्षं

1981 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ग्रॅमी पुरस्कार दिले गेले. रॉक समूहांच्या विभागात त्या वर्षी पाच नावं होती: ब्लाँडी, पिंक फ्लॉइड, प्रिटेंडर्स, क्वीन आणि बॉब सीगर अँड द सिल्व्हर बुलेट बँड. पिंक फ्लॉइडचं नामांकन 'द वॉल'साठी होतं, क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट'साठी. पुरस्कार मिळाला बॉब सीगरला.

आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्या दहा जणांना आज ही पाच नावं दाखवली, तर त्यातले किती जण सीगरचं गाणं गुणगुणून दाखवतील? मला हा निकाल पहिल्यांदा कळला तेव्हा मी चक्रावलो होतो. त्यातून क्वीनबद्दल एक खास जिव्हाळा. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. 'द हेक्टिक्स' नावाचा त्याचा पहिला बँड याच शाळेतला, वर्गमित्रांना जमवून केलेला. टेबललँडच्या सावलीत पियानोवर बोटं बसवणाऱ्या या मुलाच्या बँडला स्पर्धेतला ग्रॅमी एकदाही मिळाला नाही. 2018 मध्ये जीवनगौरव मिळाला, तेव्हा फ्रेडीला जाऊन 26 वर्षं झाली होती.

मग ग्रॅमीवाल्यांना रॉक कळत नव्हतं का? उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. ते समजून घ्यायचं तर या एका विभागाचा जन्म कसा झाला, मतं कोण देत होतं आणि शेवटी तो बंद का पडला, हे सगळं पाहावं लागतं.

आधी नाव. इंग्रजीत ते चांगलंच लांबलचक होतं: 'बेस्ट रॉक परफॉर्मन्स बाय अ ड्युओ ऑर ग्रुप विथ व्होकल'. म्हणजे दोघांनी किंवा समूहाने केलेलं, गायन असलेलं, रॉकचं सर्वोत्तम सादरीकरण. यातला 'सादरीकरण' हा शब्द महत्त्वाचा. ग्रॅमीमध्ये एकाच गाण्याला वेगवेगळे पुरस्कार मिळू शकतात आणि प्रत्येक पुरस्कार वेगळ्या कामासाठी असतो. गाणं रचलं कुणी, त्यासाठी एक. ते गायलं-वाजवलं कुणी, त्यासाठी दुसरा. गायन-वादन, निर्मिती आणि ध्वनिमुद्रण मिळून रेकॉर्ड कशी उभी राहिली, त्यासाठी तिसरा. 2010 मध्ये किंग्ज ऑफ लिऑन या बँडच्या 'यूज समबडी'ला हे तिन्ही मिळाले. आपण ज्या विभागाबद्दल बोलतोय तो फक्त गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा.

हा विभाग सुरू झाला 1980 मध्ये. ग्रॅमीचा पहिला सोहळा मात्र 4 मे 1959 चा. मधली 21 वर्षं रॉक बँड कुठे होते?

पुरस्कार देणारी रेकॉर्डिंग अकॅडमी 1957 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उभी राहिली. ती उभी करणारे लोक रेकॉर्ड कंपन्यांमधले मुरलेले अधिकारी होते. त्यांचे कान जाझवर, ब्रॉडवेच्या संगीतिकांवर, मोठ्या वाद्यवृंदासोबत गाणाऱ्या गायकांवर तयार झालेले. बाहेर तरुण पोरं एल्विस प्रेस्ली आणि चक बेरी यांच्यासाठी वेडी झाली होती, पण पहिल्या वर्षीच्या यादीत रॉक अँड रोलला जागाच नव्हती. 1962 मध्ये एक विभाग आला खरा, आणि पहिल्या वर्षी तो चबी चेकरच्या ट्विस्ट नाचाच्या गाण्याला मिळाला. पुढच्याच वर्षी तो गेला बेंट फॅब्रिक या डॅनिश पियानोवादकाच्या 'ॲली कॅट' या हलक्याफुलक्या वादनाला. हे वादन गोड आहे, मी आजही ऐकतो, पण त्यात रॉक शोधू गेलात तर सापडणार नाही. 1966 मध्ये समकालीन रॉक समूहांच्या विभागात बीटल्सचं 'हेल्प!' होतं. जिंकले स्टॅटलर ब्रदर्स, ही कंट्री संगीत गाणारी मंडळी. खुद्द एल्विसला आयुष्यात तीन स्पर्धात्मक ग्रॅमी मिळाले आणि तिन्ही भक्तिगीतांसाठी.

सत्तरच्या दशकात रॉक बँड मोठमोठी स्टेडियम भरत होते, पण ग्रॅमीत त्यांना पॉप समूहांच्या रांगेत उभं राहावं लागे. क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं 1977 चं नामांकन याच रांगेतलं. तिथे शिकागो या बँडचं एक मऊ प्रेमगीत जिंकलं. लेड झेपलिनला तर बँड चालू असताना एकही ग्रॅमी मिळाला नाही. मिळाला तो 2014 मध्ये, एका पुनर्मीलन मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला.

अखेर 1980 मध्ये रॉकसाठी चार स्वतंत्र विभाग झाले: गायक, गायिका, समूह आणि निव्वळ वादन. समूहांचा पहिला पुरस्कार ईगल्सना, 'हार्टेक टुनाइट'साठी. 'हॉटेल कॅलिफोर्निया'मुळे आपल्याकडे गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेला हा बँड. त्याच्या पुढच्या वर्षीचा निकाल म्हणजे सुरुवातीला सांगितलेला सीगरचा.

आता मतं कुणाची, ते पाहू. ग्रॅमीसाठी तुमचं-माझं मत चालत नाही. समीक्षकांचं चालत नाही, आणि खपाचे आकडेही थेट मोजले जात नाहीत. मत देतात अकॅडमीचे सभासद, म्हणजे रेकॉर्डिंगच्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणारे गायक, वादक, गीतकार, निर्माते, ध्वनिमुद्रक. आधी रेकॉर्ड कंपन्या आणि सभासद प्रवेशिका पाठवतात. मग जाणकारांची छाननी समिती ती रेकॉर्ड कोणत्या विभागात बसते ते ठरवते. मग पहिली फेरी, तीतून नामांकनं (या विभागात साधारण पाच), आणि मग अंतिम फेरी. ज्याला सर्वाधिक मतं, तो विजेता. निम्म्याहून जास्त मतं हवीत अशी अट नाही.

इथेच सगळी गोम आहे, आणि ती मराठी वाचकाला फोड करून सांगावी लागू नये, कारण मतविभागणी काय करते ते आपण ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत पाहतो. समजा हजार मतं आहेत आणि पाच उमेदवार. चौघांना 200, 200, 200 आणि 199 मतं पडली, तर पाचवा 201 मतांवर निवडून येतो. 799 जणांना तो नको होता, तरी विजेता तोच. दुसरं असं, की सभासदाने पाचही रेकॉर्ड ऐकल्या असतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पूर्वी एकेका सभासदाला बऱ्याच विभागांत मत देता येत असे. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रकासमोर रॉकची पाच नावं आली, तर तो ओळखीच्या नावापुढे खूण करणार. माणसाचा स्वभावच तो. अलीकडे म्हणूनच मर्यादा घातली: मुख्य पुरस्कार सोडले तर जास्तीत जास्त 10 विभाग, तेही तीनच संगीतप्रकारांतले.

या नियमांच्या उजेडात सीगरचा विजय पाहिला की तो खटकेनासा होतो. सीगर डेट्रॉइटकडचा, वर्षानुवर्षं छोट्या शहरांत वाजवून वर आलेला, धंद्यातल्या माणसांना आपला वाटणारा. त्याच्या आल्बमने 1980 मध्ये अमेरिकेच्या यादीत 'द वॉल'लाच पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं होतं. मतदार अमेरिकन, आणि त्यांनी त्यांच्या वर्षातला माणूस निवडला. काळाने 'द वॉल'ला किती उंच नेऊन ठेवलं हे मत देताना त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. क्वीनसाठी हळहळतो, एवढंच.

ऐंशीच्या दशकात या विभागाची यादी खरोखर देखणी होत गेली. 1982 आणि 1984 मध्ये पोलीस. हा बँड मार्च 1980 मध्ये मुंबईत वाजवून गेला होता. परदेशी रॉक बँड आपल्याकडे फिरकतही नसत त्या काळात. त्यांचा ड्रमवादक स्टुअर्ट कोपलँड पुढे बंगळुरूच्या रिकी केजबरोबर काम करून आणखी ग्रॅमी मिळवणार होता. 1983 मध्ये सर्व्हायव्हर, 'आय ऑफ द टायगर'साठी. 1985 मध्ये 'पर्पल रेन'साठी प्रिन्स आणि त्याचा रेव्होल्यूशन बँड, 1986 मध्ये डायर स्ट्रेट्स. 1990 मध्ये ट्रॅव्हलिंग विल्बरीज, ज्यात जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, टॉम पेटी, जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन एकत्र आले होते. पुरस्कार मिळाला तेव्हा ऑर्बिसन जाऊन वर्ष उलटलं होतं.

पण याच काळात रॉकच्या आत आणखी एक रॉक वाढत होतं. जास्त कर्कश, जास्त वेगवान, अकॅडमीच्या जुन्या सभासदांच्या कानांना न पेलणारं: हेवी मेटल. मेटलवाल्यांनी रॉक समूहांच्या विभागात डायर स्ट्रेट्स आणि यूटूशी लढायचं, तर त्यांना कधीच संधी नव्हती. म्हणून 1989 मध्ये हार्ड रॉक (रॉकचाच जास्त जोरकस प्रकार) आणि मेटल मिळून एक नवा विभाग निघाला. त्या पहिल्या वर्षी जे झालं ते ग्रॅमीच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं.

नामांकनं होती एसी/डीसी, इगी पॉप, जेन्स ॲडिक्शन, मेटॅलिका आणि जेथ्रो टल. मेटॅलिकाने त्याच रात्री, त्याच मंचावर 'वन' सादर केलं होतं. युद्धात हातपाय, डोळे, वाचा गमावून बसलेल्या सैनिकाचं ते गाणं. ग्रॅमीच्या मंचावर असं काही त्याआधी वाजलं नव्हतं. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की पुरस्कार त्यांचा. ॲलिस कूपर आणि लिटा फोर्ड यांनी पाकीट फोडलं आणि नाव वाचलं: जेथ्रो टल.

जेथ्रो टल हा साठच्या दशकाच्या अखेरचा इंग्लिश बँड. त्याचा म्होरक्या इयन अँडरसन एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. कसलेला कलावंत, प्रश्नच नाही. पण लोकसंगीत, ब्लूज आणि रॉक यांच्या मिश्रणाला मेटल कुणीच म्हटलं नसतं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनेच तुम्ही जिंकणार नाही असं सांगितल्यामुळे बँडचं कुणी हजरही नव्हतं. पुढे त्या कंपनीने जाहिरात काढली, लोखंडी सळ्यांवर ठेवलेली बासरी आणि मजकूर असा की बासरी हेसुद्धा जड धातूचं, म्हणजे 'हेवी मेटल', वाद्य आहे.

झालं कसं? वरची दोन्ही कारणं एकत्र आली. मेटॅलिका, एसी/डीसी, जेन्स ॲडिक्शन ऐकणारे सभासद आपापसांत वाटले गेले असणार. आणि ज्यांना या संगीतातलं काही कळत नव्हतं, त्यांच्या ओळखीचं, वीस वर्षं कानावर असलेलं नाव एकच होतं. मला वाटतं, हा निकाल कुणाच्या खोडसाळपणाचा नव्हता. ज्यांनी विभाग आखला त्यांना मेटल म्हणजे काय ते माहीत होतं. ज्यांनी मत दिलं त्यातल्या अनेकांना नव्हतं. या दोन गटांमधलं अंतर त्या रात्री दूरदर्शन संचावर सगळ्या अमेरिकेने पाहिलं.

अकॅडमीने लगेच पुढच्या वर्षी विभाग तोडला: हार्ड रॉक वेगळं, मेटल वेगळं. 1990 मध्ये मेटलचा पुरस्कार मेटॅलिकाला मिळाला, त्याच 'वन' गाण्यासाठी. 1991 आणि 1992 मध्येही त्यांनाच. 1992 मध्ये मंचावर गेल्यावर ड्रमवादक लार्स उलरिकने या वर्षी आल्बम न काढल्याबद्दल जेथ्रो टलचे आभार मानले.

मेटल आणि हार्ड रॉक बाहेर पडल्यावर मूळ समूह विभागात राहिले ते मुख्य प्रवाहातले बँड, आणि इथून दोन नावांचं राज्य सुरू होतं. एरोस्मिथ चार वेळा: 1991, 1994, 1995, 1999. यूटू सात वेळा: 1988, 1989, 1993, 2001, 2002, 2005, 2006. त्यात पोलीस आणि किंग्ज ऑफ लिऑन यांचे दोन-दोन मिळवा; 32 पैकी 15 पुरस्कार चार बँडकडे. ओळखीचं नाव पुन्हा पुन्हा निवडून येतं, ते असं.

यूटूच्या यादीत एक गंमत आहे, आणि ती समजली की ग्रॅमीचं वर्ष म्हणजे काय ते कळतं. 2001 मध्ये ते 'ब्यूटिफुल डे'साठी जिंकले, 2002 मध्ये 'एलिव्हेशन'साठी. ही दोन्ही गाणी एकाच आल्बममधली! दोन वर्षं सलग एकाच आल्बमला कसा पुरस्कार? तर तेव्हा ग्रॅमीचं वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर असं धरलं जाई. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, तसंच काहीसं. पहिलं गाणं रेडिओवर सप्टेंबरअखेर पोचलं, म्हणजे जुन्या वर्षात गेलं. आल्बम ऑक्टोबरअखेर आला, म्हणजे उरलेली गाणी नव्या वर्षात. 2005 चं 'व्हर्टिगो' आणि 2006 चं विजेतं गाणंही एकाच आल्बममधली. किंग्ज ऑफ लिऑनचे 2009 आणि 2010 चे दोन्ही पुरस्कारसुद्धा एकाच आल्बमचे. कंपन्यांना हे वेळापत्रक नीट ठाऊक असतं, आणि कोणतं गाणं केव्हा बाहेर काढायचं हे ठरवताना ते डोळ्यांसमोर असतंच.

यूटूचा 1988 चा पुरस्कार 'द जोशुआ ट्री'साठी होता. त्याच आल्बमच्या निमित्ताने निघालेल्या जागतिक दौऱ्याची शेवटची मैफल 15 डिसेंबर 2019 रोजी नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाली. बत्तीस वर्षांपूर्वीची गाणी, आणि ती ऐकायला हार्बर लाइनने आलेली गर्दी.

समूह कशाला म्हणायचं, हेही या विभागात कधी पक्कं झालं नाही. 1992 मध्ये बॉनी रेट आणि डेलबर्ट मॅक्लिंटन यांचं युगुलगीत जिंकलं. हे दोघं काही बँड नव्हते. 2000 मध्ये सांताना आणि त्यांचा पाहुणा गायक एव्हरलास्ट. 2004 मध्ये वॉरन झेवॉन आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन. झेवॉनला असाध्य कर्करोग असल्याचं निदान झालं, तेव्हा त्याने उरलेला वेळ शेवटच्या आल्बमसाठी दिला. सप्टेंबर 2003 मध्ये तो गेला आणि फेब्रुवारीत पुरस्कार आला. मला ही नोंद यादीतली सर्वांत हृद्य वाटते, आणि तरीही प्रश्न राहतोच: रात्रंदिवस एकत्र राहून, भांडून, घडलेल्या चौघांच्या बँडला आणि एका गाण्यापुरत्या भेटलेल्या दोघांना एकाच तराजूत तोलायचं का?

दरम्यान बाजूची घरं रिकामी होत होती. रॉक गायिकांच्या विभागात पुरेशी नामांकनं निघेनात, म्हणून काही वर्षी तो पुरुषांच्या विभागात मिसळला गेला आणि 2005 पासून कायमचाच. एकूण विभागांची संख्या मात्र फुगत 109 वर गेली होती. एप्रिल 2011 मध्ये अकॅडमीने ती एकदम 78 वर आणली. पुरस्कार इतके झाले की त्यांचं मोल उरत नाही, आणि काही विभागांत स्पर्धकच थोडे, असं त्यांचं म्हणणं. लॅटिन जाझच्या वादकांनी तेव्हा मोठं आंदोलन केलं, कोर्टापर्यंत गेले. रॉकच्या समूह विभागासाठी कुणी रस्त्यावर उतरल्याचं दिसलं नाही. 2011 च्या फेब्रुवारीत ब्लॅक कीज या दोघांच्या बँडला 'टायटन अप'साठी मिळालेला पुरस्कार शेवटचा. 2012 पासून एकटा गायक, जोडी, बँड, सगळे मिळून एकच 'बेस्ट रॉक परफॉर्मन्स'. पहिला मान फू फायटर्सना.

मेटल आणि हार्ड रॉक त्याच वेळी पुन्हा एकत्र केले गेले होते. 1989 ची आठवण असलेल्यांच्या पोटात गोळा आला असणार. दोनच वर्षांत मेटल पुन्हा वेगळं झालं, आणि 2014 चा पुरस्कार मिळाला ब्लॅक सबाथला.

एकत्र केलेल्या रॉक विभागाचे निकाल पाहताना मला अस्वस्थ व्हायला होतं. 2017 मध्ये डेव्हिड बोवी, 2018 मध्ये लेनर्ड कोहेन, 2019 मध्ये क्रिस कॉर्नेल: सलग तीन वर्षं पुरस्कार दिवंगत कलावंतांना. तिघंही थोर. पण त्या तीन वर्षांत जिवंत बँड गॅरेजमध्ये, भाड्याच्या खोल्यांमध्ये घाम गाळत होते, त्यांचं काय? 2021 मध्ये मात्र चित्र पालटलं. नामांकनांत सगळ्या स्त्रिया किंवा स्त्रियांनी गायलेले बँड होते आणि फिओना ॲपल जिंकली. ज्या प्रकारात गायिकांचा विभाग स्पर्धक मिळेनात म्हणून बंद केला, तिथे सोळा वर्षांनी हे घडलं.

आणि 2025 च्या फेब्रुवारीत हा पुरस्कार बीटल्सना मिळाला, 'नाऊ अँड देन'साठी. जॉन लेननने सत्तरच्या दशकात घरी कॅसेटवर गाऊन ठेवलेलं गाणं. संगणकाच्या मदतीने पियानोच्या गोंगाटातून त्याचा आवाज वेगळा काढला गेला. जॉर्ज हॅरिसनची गिटार 1995 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली. पॉल आणि रिंगो यांनी ऐंशीच्या घरात आपापला वाटा भरला. 1965 मध्ये बीटल्सना पहिल्यांदा ग्रॅमी मिळाले, तेव्हा रॉक समूहांचा विभाग नव्हता. त्यांना गायक समूहांच्या पुरस्कारावर समाधान मानावं लागलं होतं. आता मिळाला, तर तो विभाग बंद होऊन 14 वर्षं झालेली. पुरस्कार घ्यायला मंचावर जॉनचा मुलगा शॉन आला.